उंदरांची मशेरी

आमची बायको मशेरी भाजायला बसली की चाळीतल्या सगळ्या ओळीला ठसका लागायचा. तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, मंद आचेवर काळी कुळकुळीत होईपर्यंत परतायची, मग हाताने चुरून फडक्यातून गाळायची. बायका ती बोटावर घेऊन दातांना लावतात. आधी दात घासायला म्हणून लावतात, मग पोट साफ होतं म्हणून, मग डोकं दुखतं म्हणून, आणि शेवटी काही कारणच लागत नाही. शेजारची काकू दारातून ओरडायची, "अगं, लाव की आणखी धूर! डास मेले, आता आमचीच पाळी."

आतून उत्तर जायचं, "काकी, सांजेक चिमटीभर मागूक येशात ना, तेव्हा बघतंय!"

काकू हसून आत जायची. संध्याकाळी ती यायचीच.

मी लहानपणापासून मुंबईत वाढलो, बायको लग्न होऊन मालवणाकडून आली. तिची बोली गेली नाही, मीही ती घालवायला गेलो नाही. आमची खोली अंधेरीला होती, स्टेशनच्या पूर्वेला. तेव्हा पूर्वेला काय होतं? भातशेती, ताडाची झाडं, मरोळकडे जाणारा रस्ता आणि त्यावर अधूनमधून एखादी बैलगाडी. त्याच रस्त्याला एक जुना बंगला होता. एका ट्रस्टने तिथे प्रयोगशाळा काढली होती, कॅन्सरचा आणि साखरेच्या आजाराचा अभ्यास करायला. मी गिरणीत बदली कामगार होतो. ओळखीच्या एकाने सांगितलं, तिथे उंदीर सांभाळायला माणूस पाहिजे. मला वाटलं, थट्टा करतोय. पण गिरणीत आठवडा-आठवडा काम लागत नव्हतं, म्हणून गेलो आणि तिथेच चिकटलो तो म्हातारा होऊन बाहेर पडलो.

गावाला ही बातमी गेली तेव्हा चुलतभाऊ हसला. "मुंबईत जाऊन उंदीर राखतोस?" म्हणाला. मी म्हटलं, "राखतो. तुझ्या गोठ्यातल्या म्हशीपेक्षा माझे उंदीर स्वच्छ असतात." पुढची दोन वर्षं मी त्याच्या घरी पाणी प्यायलो नाही. माणसाने आपल्या कामाला हसू देऊ नये.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बंगल्यातल्या मुख्य बाई परदेशात शिकून आलेल्या होत्या. नऊवारी नव्हे, पांढरी सहावारी नेसायच्या, वर डॉक्टरांचा कोट. त्या मला "अहो" म्हणायच्या आणि काही विचारलं तर उत्तर द्यायच्या, म्हणून मी टिकलो. दुसऱ्या कुणी "तुला काय करायचंय" म्हटलं असतं तर मी त्याच पावली परत गेलो असतो. उंदरांचे पिंजरे धुता धुता मी पुढे मेणाचे ठोकळे कापायलाही शिकलो. उंदराच्या अंगातला बारीक तुकडा मेणात बसवायचा, मग यंत्राच्या पात्याने त्याचे पापुद्रे काढायचे. पापुद्रा कोमट पाण्यावर सोडला की पसरतो, तो काचेवर उचलून घ्यायचा आणि रंगवायचा. बाई तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो.

एकदा त्यांनी मला बोलावून दाखवलं. "हे उंदराचं लिव्हर. एकेक घर दिसतंय ना, ती पेशी." मला कौलं दिसली. नळीची कौलं कशी ओळीने बसवलेली असतात, तशी. मग त्यांनी दुसरी काच लावली. ती साखरेचा आजार जडवलेल्या उंदराची होती. तिच्यात प्रत्येक कौलात गोल गोल रिकामी भोकं. "इथे चरबी साठली होती," बाई म्हणाल्या, "मेणात घालताना ती धुऊन गेली, जागा राहिली." तिसरी काच कॅन्सरची. तिथे कौलं कुणी लाथेने उडवल्यासारखी, लहानमोठी, एकमेकांवर चढलेली.

"रोग आधी इथे होतो," बाई म्हणाल्या. "माणसाला कळतं फार नंतर."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्याच्यामुळे पुढचं सगळं झालं.

बाईंना मशेरीवर काम करायचं होतं. तोंडाच्या कॅन्सरच्या बायका जायच्या मुंबईतल्या इस्पितळात, पण त्यांच्या तोंडाचे तुकडे तपासायला आमच्याकडे यायचे. बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्या. बाईंना बघायचं होतं, की मशेरीने पेशी बिघडतात का. त्यासाठी मशेरीचा अर्क काढून उंदरांच्या पाठीवर लावायचा, आणि पुढे काही महिने त्यांची कातडी तपासत राहायची. बाजारातली मशेरी बाईंना नको होती. "त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक. बायका घरी भाजतात, अगदी तशी हवी."

मी म्हटलं, "माझ्या घरी भाजतात."

बायकोला सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "म्हंजे माजी मशेरी आता उंदीर लावतले?"

"दाताला नाही. पाठीला."

"पाठीक? त्येंका दात नाय काय?" मग तिला एकदम खूप हसू आलं. काकूला हाक मारून म्हणाली, "काकी, तुमका फुकट देतंय तर नावां ठेवतास. सरकारी उंदीर बंगल्यात बसून मागतत!" ट्रस्ट आणि सरकार तिला एकच. पण खूश झाली. डबा घासूनपुसून लख्ख केला आणि भरून दिला.

आता जे सांगायचं आहे ते मी चाळीत कधी कुणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे जेवणात मासळी. बायकोच्या हातचं बांगड्याचं तिखलं असं, की पाहुणा नाक पुसत जेवायचा आणि परत मागायचा. त्या दिवसांत एकदा मी पाहिलं, तिने स्वतःच्या ताटातली तुकडी उचलली, बाजूच्या वाटीतल्या पाण्यात बुडवली, मसाला धुऊन काढला आणि मग खाल्ली. मला वाटलं, घाईत काहीतरी करतेय. दुसऱ्या दिवशी परत तेच.

"काय गं, तिखट लागतं?"

"नाय. असाच."

"असंच कुणी बांगडा धुतं का?"

मी तिला दारात उजेडात आणलं आणि तोंड उघडायला लावलं. गालाच्या आतल्या बाजूला, जिथे ती बोटाने मशेरी दाबून ठेवायची तिथेच, एक पांढरा चट्टा होता. सायीचा तुकडा चिकटावा तसा. मी बोट लावलं, तो निघाला नाही.

इस्पितळातून येणारे तुकडे मीच मेणात बसवत होतो. असा चट्टा पुढे काय होतो ते मला ठाऊक होतं. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. घरात ती आणि मी, एवढंच माझं जग. मी म्हटलं, "आजपासून मशेरी बंद. उद्या बाईंना दाखवू."

"खंयची बाई? माका काय झाला? माज्या आयेन जन्मभर लावली, मरताना दात सगळे होते."

मी ओरडलो, ती ओरडली. मी हट्टी आहे असं घरातले म्हणतात, पण त्यांनी तिला तेव्हा पाहिली नाही. शेवटी ती म्हणाली, "तुमचे उंदीर लावतत ना माजी मशेरी? त्येंका कायव झाला तर मी सोडीन. नाय झाला तर तुमी जन्मात तोंड उघडूचा नाय. आणि बाजारातसून तंबाखूय तुमीच हाडूची."

मी म्हटलं, "ठरलं." कारण मला खात्री होती.

तर बघा, माझी काय अवस्था झाली. जी जनावरं मी जपत होतो, त्यांना लवकर रोग व्हावा म्हणून मी वाट बघू लागलो. दर दोन दिवसांनी पाठीवरचे केस काढलेल्या उंदरांना ब्रशने अर्क लावायचा. एकेकाची पाठ उजेडात धरून बघायचो, खडबडीत झाली का, कुठे गाठ आली का. आणि घरी जाऊन तिच्या गालाकडे बघायचो. ती तोंड मिटून घ्यायची.

तरी जेवताना ती विचारायची. "आज काय केल्यानी तुमच्या पोरांनी?" उंदरांना ती माझी पोरं म्हणायची. मी सांगायचो, कारण आमच्यात भांडण असलं तरी अबोला कधी नव्हता. सांगायचो, की झाकण काढलं की मागच्या पायांवर उभे राहतात, माझा वास घेतात. मानेमागे चिमटीत धरलं की आधी धडपडतात, मग पुढच्या पायांनी माझं बोट धरून ठेवतात.

"बोट धरतत?"

"घट्ट. तान्हं मूल धरतं तसं."

"आणि अर्क लावल्यार?"

"चुरचुरत असणार. अंग झटकतात."

ती ताटाकडे वळायची. बांगडा धुऊन खायची.

पहिला डबा संपला, दुसरा दिला, मग तिसरा. पावसाळा येऊन गेला, बंगल्याच्या मागची भातं कापून झाली. बाई उंदरांची कातडी तपासायच्या, मी ठोकळे कापायचो, रंगवायचो आणि काचा त्यांच्यापुढे ठेवून उभा राहायचो. सुरुवातीच्या काही काचांत बाई म्हणाल्या होत्या, "इथे कातडी थोडी जाड झाल्यासारखी वाटते." माझ्या जिवात जीव आला होता. पण पुढच्या काचा पाहून त्या मान हलवायच्या. मग एक दिवस त्यांनी दुर्बिणीवरून डोळे काढले आणि म्हणाल्या, "काही नाही हो. नुसतं साधं पाणी लावलेल्या उंदरांत आणि ह्यांच्यात काही फरक नाही. निदान उंदरांच्या कातडीला तरी मशेरी काही करत नाही, असंच लिहावं लागेल."

मी म्हटलं, "आणखी थोडे दिवस बघू या का?"

"तुम्हाला काय एवढी काळजी?" बाई हसून म्हणाल्या. मी सांगितलं नाही. घरची गोष्ट बाहेर कशाला?

संध्याकाळी निघालो. दिलेला शब्द मी मोडत नाही. पण स्टेशनजवळच्या बाजारात तंबाखूवाल्याच्या दुकानासमोर किती वेळ उभा होतो, मलाच माहीत. शेवटी एक जुडी घेतली, चांगली जाड पानांची. ती बगलेत मारून चालत घरी आलो आणि तिच्यापुढे ठेवली.

"उंदरांना काही झालं नाही," मी म्हटलं. "तू जिंकलीस. ही घे."

मला वाटलं होतं, ती नाचेल. काकूला हाक मारेल. ती जुडीकडे बघत बसली. चुलीवर भात होता, तो उतू गेला तरी उठली नाही. मीच भांडं उतरवलं.

"आता काय झालं? आता तरी तोंड उघड की."

"त्येंका काय होतला?" ती म्हणाली. "त्येंका मी मशेरी दिलीच नाय."

मला कळेना. डबे तर मीच नेले होते.

मग तिने सांगितलं. पहिला डबा खराच होता. पण मी बोट धरण्याचं सांगितलं आणि तिच्या हातून उंदरांसाठी तवा ठेववेना. कोकणात भाताच्या तुसाची राखुंडी करतात, दात घासायला. तूस जाळायचं, काळी राख चाळायची. डब्यात तीच भरली. वास यावा म्हणून वर चिमूट-दोन चिमूट खरी मशेरी. दोन्ही काळी, दोन्ही बारीक.

"गरीब जनावरां ती," ती म्हणाली. "माका माजा काय, मी आपल्या मनान लावतंय. त्येंका कोणी विचारलान?"

एवढे महिने! बाईंची मेहनत, माझी मेहनत, ट्रस्टवाल्यांपुढे जाणारा निकाल. माझी नोकरी. सगळ्याची वाट लागली होती. मी एवढा मोठा आवाज लावला की काकू बाहेर येऊन उभी राहिली. आणि ओरडताना मध्येच माझ्या लक्षात आलं, की ही बाई गप्प राहिली असती तर काय झालं असतं? तंबाखू मी स्वतः आणून दिली होती. पैज तिने जिंकली होती. जगात कुणाला कळलं नसतं.

मी थांबलो. विचारलं, "मग सांगितलंस कशाला?"

"तुमी ती जुडी हाडलास तेव्हा तुमचा तोंड बघितलंय मी," ती म्हणाली. मग जुडी बाजूला सारून म्हणाली, "आणि त्या बाईन लिवल्यान, मशेरीन कायव होणा नाय, तर काकीय लावतली, सगळ्योच लावतल्यो. माज्या राखेच्या जोरार."

सकाळी मी म्हटलं, बाईंना मी सांगतो. तिने ऐकलं नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली आणि माझ्या पुढे चालू लागली. बंगल्याचं फाटक तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, पण जाऊन बाईंच्या टेबलासमोरच उभी राहिली. मी मागे.

"बाई, ह्येंका कायव बोलू नकात. ह्येंका म्हायत नव्हता. मी तुमच्या उंदरांका राख दिलंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तिने तुसापासून सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा आधी लाल झाला. त्यांनी हातातली काच टेबलावर ठेवली. मला वाटलं, संपलं. पण बाई म्हणाल्या, "वहिनी, पहिला डबा खरा होता ना? नक्की?"

"देवाशप्पथ."

"तरीच," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तरीच सुरुवातीला कातडी जाड दिसली होती." मग जरा कडक आवाजात, "माझं वर्षभराचं काम गेलं, कळतंय ना तुम्हाला?"

"कळता," बायको म्हणाली. मान खाली घातली नाही. "म्हणान सांगूक इलंय."

मग मी, ज्याने घरची गोष्ट बाहेर न्यायची नाही असं ठरवलं होतं तो मी, म्हटलं, "बाई, हिच्या तोंडात चट्टा आहे. बघता का?"

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण बाईंच्या समोर तिला नाही म्हणता आलं नाही. बाईंनी तिला खिडकीजवळ बसवलं, एका लाकडी पट्टीने गालाच्या आतून हलकेच खरवडलं आणि ते काचेवर पसरलं. दुसऱ्या काचेवर माझ्या गालाचं. दोन्ही मीच रंगवल्या.

बाईंनी आधी तिला माझी काच दाखवली. तिला एक डोळा मिटता येईना, तेव्हा मी मागून हाताने झाकला.

"काय दिसता ता?"

"ह्यांच्या गालाच्या पेशी," बाई म्हणाल्या.

"केळीच्या पानाचे तुकडे पडल्यासारे दिसतत. मधी एकेक ठिपको." ती हसली. "अंगात येवढी पानां घेवन फिरतास?"

मग तिची काच. ती बराच वेळ वाकून होती. माझ्या हाताखाली तिच्या पापणीची हालचाल लागत होती. पानं होतीच, पण काहींच्या मधला ठिपका वाढला होता, काळा झाला होता. एकात दोन ठिपके होते.

"ह्यो डोळो वटारून बघता माज्याकडे," ती हळूच म्हणाली. "ह्यो माजोच?"

"तुमचाच. कॅन्सर नाही हा," बाई म्हणाल्या. "पण वाट तिकडची आहे. आत्ता सोडलीत तर पेशी परत येतात ठिकाणावर, पुष्कळदा येतात. मी खात्री देत नाही."

परत येताना ती भाताच्या रिकाम्या शेताच्या बांधावर थांबली. मी म्हटलं, "पैजेचं काय? उंदरांचा निकाल अजून लागायचाय."

"उंदरांची वाट कित्याक बघू?" ती म्हणाली. "माजा मीच बघितलंय."

बाईंनी प्रयोग पुन्हा मांडला. मशेरी कुठून आणायची, हा प्रश्नच होता. माझी मागायची हिंमत नव्हती. एका दुपारी मी सुट्टीचा घरी होतो. पाहतो तर तिने चूल पेटवली, तवा ठेवला आणि मी आणलेली ती जुडी सोडली. सगळी पानं एकदम तव्यावर. मशेरी सोडून तिला थोडेच दिवस झाले होते. डोकं ठणकायचं, हात कापायचे, पोट बिघडलेलं, माझ्यावर तर दिवसभर चिडचिड. आणि ती त्या धुरात बसून पानं परतत होती. मी दारातच उभा राहिलो. पानं काळी झाली, तिने चुरली, गाळली. बोटं काळी झाली होती. ती बोटं तिने बघितली, मग उठून राखेने आणि पाण्याने कोपरापर्यंत धुतली.

"ह्यो खरो डबो," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. "आता घरात एक पान नाय. त्येंका काय होता ता माका सांगू नकात."

काकूने बाहेरून विचारलं, "काय गं, सुरू केलीस का परत?"

"उंदरांका, काकी. माणसांका बंद. तुमकाय बंद!"

त्या उंदरांना काय झालं ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. पण अर्क लावायच्या दिवशी ती माझ्या डब्यात भाताची एक मूठ वेगळी बांधून द्यायची. बाईंची परवानगी नव्हती, प्रयोगाच्या उंदरांना बाहेरचं चालत नाही. म्हणून तो भात मी पैदाशीच्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या उंदरांना घालायचो. घरी येऊन म्हणायचो, खाल्ला.

बाई अधूनमधून तिला बोलवायच्या, खरवडायच्या. दर वेळी ती माझा हात डोळ्यावर घ्यायची. आता दुसरा डोळा मिटायला शिकली होती, तरी घ्यायची. ठिपके लहान होत गेले. चट्टा आधी कडेने विरळ झाला, मग नुसती एक रेघ राहिली.

मग एकदा आम्ही जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं होतं. मी सवयीने पाण्याची वाटी तिच्या ताटाजवळ सरकवली. तिने ती उचलली आणि माझ्या ताटाजवळ ठेवली. मसाल्याने लाल झालेली तुकडी तोंडात घातली. डोळे भरले, नाक वाहायला लागलं, ती तोंडाने हवा ओढायला लागली.

"झोंबतंय?"

"लय," ती म्हणाली आणि दुसरी तुकडी घेतली.